‘रॉ’ कशी वेगळी झाली: खात्यांमधली ओढाताण अभ्यासायची पद्धत

२१ सप्टेंबर १९६८ ला आयबी या गुप्तचर संस्थेतून ‘रॉ’ ही परदेशी गुप्तवार्ता गोळा करणारी संस्था वेगळी निघाली, रामेश्वरनाथ काव पहिले प्रमुख झाले, एवढं प्रत्येक नोट्समध्ये असतं. सातारा-सांगलीच्या अभ्यासिकांत बसणाऱ्यांनी तेवढ्यावर थांबू नये. आयबी ज्या गृहखात्याखाली होती, त्याचे तेव्हाचे मंत्री आपल्या देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण होते.

आधी तारखा पक्क्या करा. यशवंतराव नोव्हेंबर १९६२ पासून संरक्षणमंत्री, नोव्हेंबर १९६६ ते जून १९७० गृहमंत्री. अनेकजण १९६८ मध्येही त्यांना संरक्षणखात्यातच बसवतात आणि पुढचं सगळं विश्लेषण उलटं होतं. १९६५ च्या युद्धात गुप्तवार्ता वापरणारं खातं त्यांच्याकडे होतं. तीन वर्षांनी गुप्तवार्ता गोळा करणारी परदेशी शाखा त्यांच्या खात्यातून उठून मंत्रिमंडळ सचिवालयात गेली.

आता फुलस्केप आडवा धरून चार रकाने पाडा: काम, आधी कोणाकडे, नंतर कोणाकडे, पुरावा. प्रत्येक कामाला तीन प्रश्न लावा. माणसं कुठून आली? पैसा कोणत्या खात्याच्या अनुदान मागणीतून, म्हणजे संसदेकडे मागितलेल्या रकमेतून? अहवाल आधी कोणाच्या टेबलावर जातो? तिसरा सगळ्यात महत्त्वाचा, कारण खरी चढाओढ पंतप्रधानांपर्यंत थेट पोचण्यासाठी असते. काव स्वतः आयबीतलेच. त्यामुळे भांडण परक्यांचं नव्हे, एकाच घरातल्या वाटणीचं आहे, हे धरून चाला.

सीमेवरची कामं नीट तपासा. ईशान्येतला मिझो बंडखोर भारताच्या हद्दीतल्या डोंगरात असेल तर आयबीचा विषय. तोच पूर्व पाकिस्तानात चितगावच्या टेकड्यांत शिरला की ‘रॉ’चा. खबऱ्या मात्र एकच असू शकतो. अशा ओळीत दोन्ही नावं लिहा, जबरदस्तीने एक निवडू नका.

माहिती अधिकाराचा अर्ज इथे सहसा चालत नाही: कलम २४ आणि दुसरी अनुसूची या दोन्ही संस्थांना वगळते, अपवाद भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांचा. ‘रॉ’ कायद्याने नव्हे, सरकारी आदेशाने आली, म्हणून स्थापनेच्या विधेयकावरची चर्चाही सापडणार नाही. त्याऐवजी संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात गृहखात्याच्या अनुदान मागण्यांवरच्या चर्चा काढा. शोध नावाने न घेता तारखेने घ्या. स्कॅनमध्ये ‘चव्हाण’चं स्पेलिंग बिघडलेलं असतं.

तुलनेला अमेरिकेची परदेशी गुप्तचर संस्था सीआयए घ्या. तिथे १९४७ च्या कायद्यातच लिहून टाकलंय की या संस्थेला पोलिसी अधिकार नाहीत, देशांतर्गत सुरक्षेचं कामही नाही. देशांतर्गत तपास करणाऱ्या एफबीआयशी हद्द कुठे आखली, ते मजकुरातच दिसतं. अमेरिकी परराष्ट्र खात्याचा १९४५ ते १९५० चा कागदपत्रांचा खंड मोफत वाचता येतो.

‘१९६२ चा पराभव, म्हणून रॉ’ असं एका ओळीत लिहू नका. मधली सहा वर्षं आणि १९६५ उडतात. निवृत्त अधिकाऱ्यांच्या पुस्तकातला दावा चौथ्या रकान्यात ‘आठवण’ म्हणूनच नोंदवा, ‘कागद’ म्हणून नको.