नामांकित पेढीचा दागिना तारण ठेवताना: त्याचे मोल कसे ठरते आणि करारात काय पाहावे

नामांकित पेढीचा दागिना तारण ठेवून कर्ज घ्यायला निघालेल्या माणसाच्या मनात बहुधा खरेदीच्या पावतीवरचा आकडा असतो. कर्ज देणारा मात्र वेगळाच हिशेब करत असतो: कर्ज फिटले नाही, तर हा दागिना थोड्या दिवसांत कोण विकत घेईल आणि त्याचे किती देईल? पावतीवरच्या किमतीत दुकानाचा खर्च, जाहिरात, नफा आणि कर हे सारे मिसळलेले असते आणि दागिना दुकानाबाहेर पडला की त्यातला बराच भाग पुन्हा वसूल होत नाही. विम्यासाठी काढलेले मूल्यांकन तर याहून अधिक फसवे ठरते, कारण दागिना हरवल्यास तसाच नवा घ्यायला किती पैसे लागतील, एवढेच ते सांगते. लिलावात मिळणारा भाव या दोन्हींपेक्षा बहुधा कमी असतो. त्यातूनही विक्रीचा खर्च, विक्रीला लागणारा वेळ आणि थकू शकणारे व्याज लक्षात घेऊन कर्ज देणारा त्या भावाच्या काही हिश्श्याइतकीच रक्कम पुढे करतो. हे आधी समजून घेतले, तर पहिला आकडा ऐकून मन खट्टू होत नाही आणि कोणता प्रस्ताव खरोखरच अपुरा आहे, तेही ओळखता येते.

असा दागिना तीन थरांत मोजला जातो: धातू, खडे आणि नाव. यांपैकी धातूचा हिशेब सर्वांत सोपा असून तो प्रत्येकाने घरीच करून ठेवावा. दागिन्यावर ७५० असा छाप असेल, तर हजार भागांत ७५० भाग शुद्ध सोने आहे, म्हणजे ते १८ कॅरटचे आहे. ५८५ म्हणजे १४ कॅरट. १८ कॅरटचे ३० ग्रॅम वजनाचे साधे कडे असेल, तर त्यात २२.५ ग्रॅम शुद्ध सोने आहे आणि त्या दिवसाच्या भावाने त्याला गुणले की मोडीची किंमत निघते. खडे असतील, तर त्यांचे वजन आधी वजा करावे लागते. ही रक्कम म्हणजे मोलाचा तळ होय. चांगल्या स्थितीतल्या, नाव कोरलेल्या दागिन्यावर मिळणारा प्रस्ताव या तळाच्या आसपासच घुटमळत असेल, तर समोरच्याने फक्त सोने तोलले आहे, असे समजावे.

खड्यांच्या बाबतीत प्रयोगशाळेचा अहवाल फार उपयोगी पडतो. हिऱ्याचा कॅरट हे वजनाचे माप आहे, ०.२ ग्रॅमचे, आणि कोंदणात बसवलेला हिरा तोलता येत नसल्याने पारखी त्याचा व्यास व खोली मोजून अंदाज बांधतो. गोल पैलूंचा साधारण ६.५ मिलिमीटर व्यासाचा हिरा सुमारे एक कॅरटचा भरतो. हिऱ्यांची तपासणी करणाऱ्या जीआयएसारख्या संस्थेचा अहवाल असेल आणि त्याचा क्रमांक हिऱ्याच्या कडेवर लेसरने कोरलेला असेल, तर अंदाजाची जागा खात्री घेते. माणिक, नीलम आणि पाचू यांत प्रश्न आणखी नाजूक असतो, कारण खडा तापवून रंग सुधारला आहे का, पाचूच्या भेगांत तेल भरले आहे का आणि खडा कोणत्या खाणीच्या प्रदेशातला आहे, यांवर भावात मोठा फरक पडतो. बाजूला जडवलेल्या बारीक हिऱ्यांकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नये. प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यांचा पुनर्विक्रीचा भाव खाणीतल्या हिऱ्यांच्या मानाने फारच कमी असल्याने त्यांवर मिळणारे कर्जही तसेच असते.

खरा पेच तिसऱ्या थरात, म्हणजे नावात आहे. कार्तिये या फ्रेंच पेढीचे स्क्रूने बंद होणारे ‘लव्ह’ कडे अल्डो चिपुल्लो यांनी १९६९ साली रेखले आणि व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्स या दुसऱ्या फ्रेंच पेढीची चार पाकळ्यांची ‘अल्हाम्ब्रा’ माळ १९६८ सालची. हे दोन्ही नमुने आजही घडवले जातात, लोक ते दुरून ओळखतात आणि जुने दागिने घेणारे गिऱ्हाईकही त्यांना सहज मिळते. म्हणूनच त्यांच्यावर सोन्याच्या भावापेक्षा बरेच अधिक कर्ज मिळू शकते. याउलट एखाद्या छोट्या कारागिराकडून खास घडवून घेतलेला हार कितीही देखणा असला, तरी तो घेणारा शोधावा लागतो, त्यामुळे त्याची घडणावळ तारणाच्या हिशेबात जवळजवळ धरलीच जात नाही. कारागिरीवर प्रेम करणाऱ्याला हे खटकते, मलाही खटकते, पण कर्ज देणाऱ्याच्या लेखी विक्रीची शक्यता हीच किंमत असते.

नावाला मोल मिळते ते पुरावा असेपर्यंतच. पारखी दहा पट मोठे दाखवणारे भिंग डोळ्याला लावून कड्याची आतली बाजू प्रकाशात हळूहळू फिरवतो. पेढीच्या नावाची अक्षरे एकसारख्या खोलीची आहेत का, क्रमांकाचे आकडे सरळ रेषेत आहेत का, शुद्धतेचा छाप योग्य जागी आहे का, हे तो पाहतो. दागिना फ्रान्समध्ये घडला असेल, तर १८ कॅरट सोन्यावर गरुडाच्या मस्तकाची मुद्रा आणि कार्यशाळेची समभुज चौकोनाच्या, म्हणजे पत्त्यांतल्या चौकटसारख्या, आकारातली खूण तो शोधतो. मग तो कडांकडे वळतो. वारंवार पॉलिश केलेल्या दागिन्याच्या कडा बोथट होतात, अक्षरे उथळ दिसू लागतात आणि धातूही झिजलेला असतो. अंगठी लहान किंवा मोठी करताना कापलेली जागा झाळीच्या बारीक रेषेवरून ओळखू येते, आणि क्रमांक नेमका त्याच जागी असला तर तो कायमचा गेलेला असतो.

म्हणून तारण ठेवण्यापूर्वी दागिना चकचकीत करून घेण्याचा मोह कृपया टाळावा. तुटलेली कडी बाहेरच्या कारागिराकडून जोडून घेणे, साखळीची लांबी वाढवणे किंवा जुन्या पैलूंचा हिरा काढून नवा बसवणे, यांपैकी काहीही केले तरी दागिन्याचे मूळपण कमी होते. मऊ कोरड्या कापडाने पुसणे पुरेसे आहे. मूळ डबी, प्रमाणपत्र, खरेदीची पावती, पेढीकडून झालेल्या दुरुस्तीच्या नोंदी आणि खड्यांचे अहवाल एकत्र ठेवावेत. पावतीवरची किंमत कर्ज वाढवत नसली, तरी दागिना अस्सल असल्याचा आणि तो तुमच्याच मालकीचा असल्याचा ती आधार असते. त्यानंतर निदान तीन ठिकाणी विचारावे आणि अशा दागिन्यांची स्वतः विक्री करणाऱ्याला किंवा लिलावगृहांशी संबंध असणाऱ्याला पहिली पसंती द्यावी, कारण नावाचा थर मोजायचा कसा, हे त्यालाच ठाऊक असते. प्रत्येकाकडून धातू, खडे आणि नाव यांचे आकडे वेगवेगळे मागावेत. जो ते सांगायला तयार नसेल, त्याच्याकडे दागिना ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

करारात व्याजाचा दर महिन्याचा आहे की वर्षाचा, हे सर्वांत आधी पाहावे. महिना ३ टक्के हा दर ऐकायला किरकोळ वाटतो, पण सरळ व्याजाने तो वर्षाला ३६ टक्के होतो आणि दरमहा व्याजावर व्याज चढत असेल, तर सुमारे ४२.६ टक्के. मूल्यांकन, साठवण आणि विमा यांचे शुल्क वेगळे आहे का, मुदतीआधी दागिना सोडवल्यास व्याज कमी होते का आणि मुदत वाढवताना काय भरावे लागते, हेही लेखी घ्यावे. कर्ज थकल्यास दागिना देऊन हिशेब संपतो की विक्रीतून रक्कम कमी पडल्यास उरलेली तुमच्याकडे मागितली जाते, आणि जास्त आल्यास ती तुम्हाला परत मिळते का, हे दोन प्रश्न सहीपूर्वी सुटलेच पाहिजेत. देऊ केलेली सारी रक्कम उचलण्याची गरज नसते. जेवढी लागते तेवढीच घेतली, तर दागिना सोडवणे आवाक्यात राहते.

दागिना हवाली करण्यापूर्वी सर्व बाजूंनी, विशेषतः आतल्या खुणांची, जवळून छायाचित्रे काढावीत. पावतीवर दोन दशांश स्थळांपर्यंतचे वजन, खड्यांची संख्या, कोरलेला क्रमांक आणि आधीच असलेले ओरखडे यांची नोंद करून घ्यावी, दागिना तुमच्यासमोरच मोहोरबंद पाकिटात ठेवायला सांगावे. तो कर्ज देणाऱ्याच्या ताब्यात असताना हरवल्यास भरपाई कर्जाच्या रकमेइतकी मिळणार की पूर्ण मूल्याची, हेही विचारावे. विम्याची ही ओळ बहुतेक जण वाचत नाहीत. दागिना सोडवताना पाकिटाची मोहोर शाबूत आहे का ते पाहावे, दागिना तिथेच तोलून पावतीशी ताडावा, खडे मोजावेत, क्रमांक भिंगाखाली वाचावा आणि मगच परत मिळाल्याची सही करावी.