ओट्सचा नाश्ता बिघडतो कुठे? या चुका टाळा

ओट्सचे पदार्थ बिघडण्यामागे बहुतेक वेळा एकच कारण असते. आपला हात रव्याला आणि पोह्यांना सरावलेला असतो आणि ओट्सनाही आपण त्याच मापाने पाणी घालतो. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो, वजनाच्या साधारण चार टक्के, आणि पाणी मिळाले की तो बुळबुळीत होऊन सगळे धरून ठेवतो. कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी ज्याचे कौतुक होते तो हाच, आणि उपम्याची खळ करणाराही हाच.

पहिली चूक दुकानातच होते. पाकिटावर ‘ओट्स’ एवढेच वाचून आपण घेतो, पण आतला माल तीन तऱ्हांचा असू शकतो. स्टील कट म्हणजे दाण्याचे कापलेले तुकडे, जे शिजायला पंचवीस-तीस मिनिटे घेतात. रोल्ड म्हणजे वाफवून चपटे केलेले, जाड पोह्यांसारखे दिसणारे. आणि झटपट शिजणारे म्हणजे त्याहून पातळ व बारीक, जे दोन-तीन मिनिटांत मऊ पडतात. उपमा आणि चिवडा यांसाठी जाड रोल्ड ओट्सच घ्यावेत. धिरडी आणि इडलीसाठी ओट्स दळायचेच असल्यामुळे तेथे पातळ चालतात. मसाल्याची तयार पाकिटे हा वेगळा विषय आहे, परंतु ती घेणाऱ्यांनी मागच्या बाजूला मिठाचा म्हणजे सोडियमचा आकडा एकदा तरी वाचावा.

उपम्याकडे येऊ, कारण सर्वाधिक तक्रारी त्याच्याच असतात. एक वाटी रव्याला आपण सवयीने अडीच वाट्या पाणी घालतो. तेवढेच पाणी एक वाटी ओट्सना घातले तर कढईत जे तयार होते ते चमच्याने नव्हे, डावाने वाढावे लागते. माझा पहिला उपमा असाच झाला होता आणि घरच्यांनी तो ‘पातळ पिठले’ म्हणून मुकाट्याने खाल्ला. एक वाटी जाड ओट्सना एक वाटी, फार तर सव्वा वाटी पाणी पुरते. ओट्स आधी मंद आचेवर पाच-सहा मिनिटे कोरडे भाजावेत, खमंग वास सुटून कडा किंचित तांबूस झाल्या की उतरवावेत. भाजल्याने दाण्याचा पृष्ठभाग कोरडा होतो आणि चिकटपणा बराच कमी होतो. फोडणीत कांदा, मटार, गाजर पूर्ण शिजवून घ्यावे, पाण्याला खळखळून उकळी आली की ओट्स घालावेत, दोनदा हलवावे आणि झाकण ठेवून दोन-तीन मिनिटांत गॅस बंद करावा. येथे हात आवरणे महत्त्वाचे आहे, कारण जितके ढवळाल तितके ते चिकटत जाते. झाकण उघडल्यावर थोडे ओलसर वाटले तरी घाबरू नये. पाच मिनिटांत उरलेले पाणी ओट्स शोषून घेतात.

धिरड्यांची अडचण उलटी असते. तेथे पदार्थ चिकटून बसतो तो तव्याला, आणि उलटताना त्याचे तुकडे होतात. गव्हाच्या पिठात जसा धरून ठेवणारा चिवटपणा असतो, तसा ओट्सच्या पिठात नसतो. म्हणून एक वाटी ओट्सच्या पिठाला अर्धी वाटी बेसन आणि दोन चमचे तांदळाचे पीठ घालावे. बेसनाने धिरडे धरते आणि तांदळाने कुरकुरीत होते. पीठ भिजवल्यावर दहा मिनिटे ठेवणे आवश्यक आहे, आणि दहा मिनिटांनी ते घट्ट झालेले दिसेल, तेव्हा पुन्हा पाणी घालून सारखे करावे. अनेकजण हे न करता घट्ट पीठच पसरवतात आणि मग धिरडे आतून कच्चे राहते. तवा चांगला तापलेला असावा, घातल्यावर आच मध्यम करावी आणि कडा स्वतःहून सुटेपर्यंत उलथने लावू नये.

इडलीच्या बाबतीत फ्रूट सॉल्ट किंवा सोडा अगदी शेवटी, पात्रातील पाणी उकळत असताना घालावा. आधी घालून ठेवल्यास हवा निघून जाते. बाहेर काढल्यावर पाच मिनिटे थांबूनच चमच्याने सोडवाव्यात. गरम इडली नेहमीच चिकट लागते, त्यावरून ती कच्ची आहे असे समजू नये.

थालीपिठाच्या भाजणीत ओट्सचे पीठ एकतृतीयांशाहून जास्त नसावे. कांद्याला मिठाने पाणी सुटते, त्यामुळे पीठ अगदी थापायच्या वेळीच भिजवावे.

खिरीत आणि दुधात शिजवलेल्या ओट्समध्ये गूळ उकळत्या दुधात घातला की दूध फाटते. गॅस बंद करून पाच-सात मिनिटांनी गूळ मिसळावा, किंवा साखर वापरावी. दुधात रात्रभर भिजवलेले ओट्स आपल्याकडच्या उन्हाळ्यात ओट्यावर ठेवण्याचे धाडस करू नये. त्यांची जागा फ्रिजमध्येच आहे.

लाडू कडवट लागले तर दोष भाजण्याचा नसून जुन्या मालाचा असू शकतो. ओट्समध्ये स्निग्धांश सुमारे सात टक्के, म्हणजे गव्हापेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि पाकीट उघडे राहिले की तो खवट होतो. उघडलेले पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे, आणि वापरण्यापूर्वी चिमूटभर तोंडात टाकून पाहावे.

घरात कोणाला गव्हातील ग्लुटेन चालत नसेल, तर आणखी सावधगिरी लागते. ओट्समध्ये स्वतःचे गव्हासारखे ग्लुटेन नसले तरी शेतात व गिरणीत गव्हाशी मिसळ होते, म्हणून ‘ग्लुटेनमुक्त’ असे छापलेलेच पाकीट घ्यावे. फोडणीतल्या हिंगाकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. बाजारातल्या डबीतील बांधणीच्या हिंगात अनेकदा गव्हाचे पीठ असते.

आणि एवढे करूनही उपमा चिकट झालाच, तर तो फेकू नये. थंड होऊ द्यावा, त्यात उकडलेला बटाटा, आले-मिरची आणि कोथिंबीर कालवून टिक्क्या थापाव्यात आणि तेलावर दोन्ही बाजूंनी लालसर भाजाव्यात. तो चिकटपणाच त्यांना धरून ठेवतो.