घरी क्रॉलर ट्रॅक्टर बांधताना या चुका टाळा

पट्ट्यांवर चालणारा छोटा ट्रॅक्टर घरच्या वर्कशॉपमध्ये बांधायला घेणारा माणूस बहुधा इंजिनापासून सुरुवात करतो, कारण इंजिन हाताशी असते आणि बाकीचे यंत्र त्याच्याभोवती आपोआप उभे राहील असे त्याला वाटते. मीही तेच केले होते आणि त्यापायी चेसिस दोनदा कापावी लागली. क्रॉलरमध्ये आधी ठरवायचा असतो तो पट्टा. त्याची लांबी, रुंदी आणि पिच, म्हणजे पट्ट्याच्या कड्या जोडणाऱ्या एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचे अंतर, कागदावर पक्के झाले की स्प्रॉकेट (पट्टा फिरवणारे दातेरी चाक), गिअरचे प्रमाण आणि चेसिसची रुंदी त्यावरून निघते. इंजिनाची जागा सर्वांत शेवटी ठरते.

पहिली चूक इथेच होते. जमिनीला टेकणारी पट्ट्याची लांबी ही दोन पट्ट्यांच्या मध्यरेषांमधील अंतराच्या साधारण सव्वा ते दीडपट असावी. हे प्रमाण १.७ च्या पुढे गेले की यंत्र सरळ उत्तम चालते, पण वळताना पट्ट्याची दोन्ही टोके मातीत आडवी घासली जात असल्यामुळे इंजिन गुदमरते. उलट, पट्टा फार आखूड ठेवला तर यंत्र प्रत्येक उंचवट्यावर पुढे-मागे डोलत राहते. पकड वाढावी म्हणून पट्ट्यावर उंच अँगल जोडण्याचा मोहही आवरावा, कारण ती उंची वळणाच्या वेळी आडवी येते.

गिअरचा हिशोब अनेक जण अंदाजाने करतात आणि यंत्र फार वेगवान होऊन बसते. समजा, स्प्रॉकेटला १० दाते आहेत आणि पिच ८० मिलिमीटर आहे, तर स्प्रॉकेटच्या एका फेऱ्यात यंत्र ८०० मिलिमीटर पुढे जाते. ताशी ४ किलोमीटर वेग हवा असेल तर स्प्रॉकेट मिनिटाला सुमारे ८३ फेरे फिरले पाहिजे, आणि इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर चालत असेल तर एकूण घट, म्हणजे वेग कमी करण्याचे प्रमाण, ३६ पट लागते. जुन्या मोटारीचा गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरांची जोडणी) मिळून पहिल्या गिअरमध्ये १५ पटींच्या आसपासच घट देतात. उरलेली घट बहुतेक जण गिअरबॉक्सच्या आधी बेल्ट-पुली लावून मिळवतात, कारण ते सोपे असते. परंतु त्यामुळे वाढलेला सगळा पीळ डिफरन्शियल आणि अॅक्सलमधून जातो. तीच घट अॅक्सल आणि स्प्रॉकेट यांच्यामध्ये चेनने मिळवली तर आतले भाग वाचतात, शिवाय ब्रेकचा जोरही तेवढ्याच पटीने वाढून पट्ट्यापर्यंत पोहोचतो.

ब्रेक लावून वळवण्याच्या पद्धतीत एक गोष्ट विसरली जाते. एक बाजू पूर्ण थांबवली की साध्या डिफरन्शियलमुळे दुसरी बाजू दुप्पट वेगाने फिरते, म्हणजे ओढ सर्वांत जास्त लागते नेमक्या त्या क्षणी यंत्र जणू वरच्या गिअरमध्ये जाते. वळताना इंजिन बंद पडत असेल तर कार्ब्युरेटर खोलण्याआधी खालचा गिअर टाकून पाहावा. ज्यांनी दोन्ही बाजूंना स्वतंत्र क्लच बसवले आहेत त्यांनी उतारावर विशेष सावध राहावे: तिथे फक्त क्लच सोडला तर मोकळा झालेला पट्टा पुढे धावतो आणि यंत्र अपेक्षेच्या उलट दिशेला वळते.

आता सर्वांत छळणारा दोष, पट्टा उतरणे. माझ्या यंत्राचा उजवा पट्टा प्रत्येक डाव्या वळणावर उतरत असे, आणि मी दर वेळी तो अधिक ताणत गेलो. शेवटी मार्गदर्शक दात, म्हणजे पट्ट्याला चाकांवरून बाजूला सरकू न देणारे दात, नीट पाहिले तेव्हा त्यांची एकच बाजू आरशासारखी घासलेली दिसली, तर दुसऱ्या बाजूवर मूळचा रंगही शाबूत होता. स्प्रॉकेटपासून आयडलरपर्यंत (पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाचे मोकळे फिरणारे चाक) सूत लावले, तर आयडलर ४ मिलिमीटर बाहेर निघाला. त्याचा ब्रॅकेट मी एका दमात एकाच बाजूने वेल्ड केला होता आणि थंड होताना वेल्डने तो ओढून घेतला होता. म्हणून आधी वेल्डचे फक्त टाके मारावेत, कर्ण मोजावेत, आलटून-पालटून थोडे थोडे वेल्डिंग करावे आणि सगळे थंड झाल्यावर पुन्हा मोजावे. आयडलरच्या बुडाशी पातळ पत्रे घालून त्याला सरकवता येईल अशी सोय ठेवलीत तर पुढे ग्राइंडर हातात घ्यावा लागत नाही.

ताणाचेही तसेच आहे. पट्टा घट्ट असला म्हणजे सुरक्षित, ही समजूत चुकीची आहे. अति ताणाने पिना, बुश (पिनेभोवतीची नळी) आणि बेअरिंग लवकर झिजतात आणि बरीच शक्ती वाया जाते. कोरड्या फरशीवर ताण बरोबर वाटला तरी चिखल स्प्रॉकेटच्या दात्यांत भरला की पट्टा आपोआप आवळला जातो, त्यामुळे ताण प्रत्यक्ष कामाच्या मातीतच तपासावा आणि चिखल बाहेर पडायला फ्रेममध्ये मोकळ्या जागा ठेवाव्यात.

कड्यांची भोके हाताने खुणा करून पाडू नयेत. प्रत्येक कडीत अर्धा मिलिमीटर फरक राहिला तर ४० कड्यांच्या पट्ट्यात तो २० मिलिमीटर होतो, आणि चुकीच्या पिचची कडी दात्यावर चढून कटकट वाजू लागते. एक जिग (सर्व भोके एकाच जागी पाडण्याचा साचा) करून सर्व कड्या त्यातूनच काढाव्यात. जुन्या पट्ट्यात हाच आवाज झिजेमुळे येतो: नवीन असताना ८०० मिलिमीटर भरणारी १० कड्यांची लांबी ८१५ भरू लागली असेल, तर पट्टा कितीही ताणून उपयोग नाही, पिना आणि बुशच बदलावे लागतात.

रोलरमध्ये, म्हणजे यंत्राचे वजन पट्ट्यावर पेलणाऱ्या खालच्या चाकांमध्ये, साधे उघडे बेअरिंग चालत नाही, कारण हा भाग सदैव मातीत असतो. ऑइल सील आणि ग्रीस भरण्याची जागा हवीच. ओढण्याचा हूक मात्र खालीच असावा. तो वर बसवला तर ओझे ओढताना यंत्राचे नाक उचलले जाते, आणि मग पट्ट्याचा मागचा भाग तेवढा जमिनीला टेकतो.

पहिली चाचणी सपाट, मोकळ्या जागेत घ्यावी आणि इंजिन बंद करण्याचा स्विच बसल्या जागी हाताला येईल असा ठेवावा. एका तासानंतर थांबून कड्यांचे सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत व ताण पुन्हा मोजावा, कारण नव्या पिना बुशमध्ये बसताना पट्टा थोडा लांबतोच.