ऑनलाइन साहित्याचा वर्ग: पहिल्या महिन्यात या चुका टाळा

मराठी साहित्याच्या ऑनलाइन अभ्यासक्रमात तुमचं मनापासून स्वागत. तुमच्यातलं कोणी घोडबंदर रोडवरून जॉइन होईल, कोणी कळव्याहून, कोणी महापे-रबाळ्याच्या कंपनीतून सुटल्यावर. नोकरी, घर सांभाळून साहित्य शिकायला येणाऱ्या माणसांचं मला फार कौतुक वाटतं. म्हणूनच पहिल्या तासाआधी हे लिहितेय. दर वर्षी वाचनाची खरी आवड असलेली मंडळी पहिल्याच महिन्यात मागे पडतात आणि कारणं तीच ती असतात. बरीचशी अर्ध्या तासात निस्तरता येतात. एक मात्र तशी नाही, तिच्यापासून सुरुवात करते.

कविता सोडून कवितेविषयीच वाचणं

पहिल्या आठवड्यात बालकवींची 'औदुंबर' आहे. जेमतेम आठ ओळींची. तिच्यावर एक परिच्छेद लिहा म्हटलं की निम्मी उत्तरं अशी येतात: त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांचा जन्म १८९० मध्ये धरणगाव येथे झाला, ते थोर निसर्गकवी होते, १९१८ मध्ये भादली स्टेशनजवळ रेल्वे अपघातात त्यांचे निधन झाले. यातली माहिती बरोबर आहे. पण ती लिहायला कविता उघडावी लागलेली नाही.

आता कविता समोर ठेवा आणि फक्त रंग बघत जा. पहिल्या ओळीत दोन्ही तटांवर हिरवाळी, दुसरीत निळासावळा झरा. तिसरीत पैल टेकडीकडे चार घरांचं गाव, त्याला रंगच दिलेला नाही. चौथीत शेतमळ्यांची हिरवी गर्दी. पाचवीत त्या हिरव्यातून पांढरी पायवाट निघते, आणि सहावीत कळतं की ती काळ्या डोहाकडे चालली आहे. सातवीत लाटांवर काळिमा पसरतो आणि कवी त्याला गोड म्हणतो. औदुंबर येतो तो थेट आठव्या ओळीत, पाण्यात पाय टाकून बसलेला. म्हणजे शीर्षकातलं झाड भेटायला गाव, शेतं, कुरणं सगळं मागे टाकून अंधाऱ्या पाण्यापर्यंत चालत जावं लागतं. तो काळिमा गोड का वाटावा? इथून तुमचं उत्तर सुरू व्हायला हवं. कोणाला तिथे शांतता दिसेल, कोणाला उदासी, कोणाला मृत्यूची चाहूल. तिन्ही उत्तरांना मी पूर्ण गुण देईन, फक्त कुठल्या ओळीवरून तसं वाटलं ते दाखवा.

उपाय साधा आहे. कविता आधी दोन-तीनदा मोठ्यानं वाचा, मग हातानं वहीत उतरवा. उतरवताना प्रत्येक शब्दापाशी थांबावं लागतं, आणि नुसत्या नजरेतून सुटलेलं तिथे सापडतं. स्वतःची चार वाक्यं लिहून झाल्यावर मग समीक्षा वाचा, विश्वकोश बघा. चॅटबॉटला आधी विचारू नका. तो कवितेत नसलेली ओळसुद्धा छातीठोकपणे देतो, आणि कविता तुम्ही वाचली नसेल तर ती चूक तुम्हाला पकडता येणार नाही.

मिळेल ती प्रत वापरणं

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या कवितांमध्ये शब्द बदललेले असतात, कडवी गळालेली असतात, कधी कवीच भलता असतो. रंगावरून, एकेका शब्दावरून अर्थ लावायचा तर मूळ प्रत चोख हवी.

भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट राहतो. त्यामुळे केशवसुत, बालकवी, हरिभाऊ आपटे, लक्ष्मीबाई टिळक यांचं लेखन आज सगळ्यांसाठी खुलं आहे आणि ते नेटवरून घ्यायला हरकत नाही. पण 'कोसला' (१९६३) आणि 'बलुतं' (१९७८) तशी नाहीत. दया पवार १९९६ मध्ये गेले, म्हणजे 'बलुतं'चा हक्क २०५६ अखेरपर्यंत शाबूत आहे. टेलिग्रामवरच्या पीडीएफ घेऊ नका. त्या बेकायदा तर आहेतच, शिवाय मधली पानं गायब असतात आणि ते परीक्षेच्या आदल्या रात्री लक्षात येतं. ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय उभं आहे. त्याचं सभासदत्व घ्या, वर्षभर उपयोगी पडेल.

'बलुतं'चा विषय निघालाच आहे तर: ती कादंबरी नव्हे, आत्मकथन आहे. पवारांनी आपली गोष्ट दगडू या आपल्याच मूळ नावानं समोर ठेवली आहे, त्यामुळे घोटाळा होतो. उत्तरात 'नायक दगडू' असं लिहिलं की खऱ्या माणसानं सोसलेलं आपण कल्पित ठरवतो. हे मला मनापासून टोचतं.

फाइल पाठवली, पण वाचता येत नाही

श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली वर्ड फाइल माझ्याकडे उघडली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते, कारण तो फॉन्ट माझ्या संगणकात नसतो. युनिकोडमध्येच टाइप करा. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड जोडता येतो, फोनवर जीबोर्ड पुरतो. डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेत असाल तर आधीच 'युनिकोडमध्ये हवंय' म्हणून सांगा. जुनी फाइल कन्व्हर्टरमधून काढलीत तर एकदा वाचून घ्या. रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात.

ड्राइव्हची लिंक देताना परवानगी तपासा. ती मुळात 'रिस्ट्रिक्टेड' असते, आणि मग रात्री अकरा वाजता मला 'ॲक्सेस हवा' अशा विनंत्यांची रांग दिसते. क्लासरूममध्ये फाइल नुसती जोडून काम होत नाही, 'टर्न इन' दाबावं लागतं. हातानं लिहिलेलं मला चालतं, आवडतंही. खिडकीपाशी उजेडात फोनवरून स्कॅन करा आणि सगळी पानं एकाच पीडीएफमध्ये द्या.

आणि कॉलेजच्या आयडीनंच जॉइन व्हा. घरात एकाच फोनवर दोन-तीन खाती असतात. भलत्याच नावानं विनंती आली तर मी आत घेऊ शकत नाही.

लोकलमधून तास, दुप्पट वेगानं रेकॉर्डिंग

ठाणे-पनवेल गाडीत उभं राहून तास ऐकणाऱ्यांची धडपड मला दिसते. तसं ऐकायचंच असेल तर कॅमेरा बंद ठेवा, आवाज नीट येईल. आवाज तुटायला लागला तर सरळ बाहेर पडा आणि त्याच आठवड्यात रेकॉर्डिंग ऐका. साठवून ठेवलेली रेकॉर्डिंग सहसा कोणी ऐकत नाही. कवितेचा तास दुप्पट वेगानं तर मुळीच ऐकू नका, त्यात लय मरते.

माझी मराठी शुद्ध नाही म्हणून गप्प बसणं

ही चूक सगळ्यात जास्त नुकसान करते. आपल्या वर्गात आगरी बोलणारी मुलं असतात, मालवणी, अहिराणी बोलणारी असतात, घरी हिंदी किंवा गुजराती बोलणारीही असतात. माइक चालू करायला त्यांना संकोच वाटतो. 'औदुंबर'च्या चर्चेत दिव्याच्या एका विद्यार्थिनीनं, बरंच आढेवेढे घेऊन, आगरीत सांगितलं होतं की खाडीकाठच्या माणसाला काळं पाणी म्हणजे खोल पाणी, तिथे पाय सोडून बसायला धीर लागतो. शेवटच्या ओळीतला तो धीर तोवर वर्गात कोणालाच दिसला नव्हता. घरच्या बोलीत बोला. लेखी उत्तरातलं शुद्धलेखन आपण नंतर बसून सुधारू, त्यासाठी मी वेगळा वेळ ठेवलेला आहे.

पहिल्या तासाला कविता उतरवलेली वही जवळ असू द्या, आणि माइक आदल्या दिवशी तपासून घ्या. मी लिंक पंधरा मिनिटं आधी उघडते. आवाजाची, लॉगिनची अडचण असेल त्यांनी तेव्हाच या, म्हणजे तास वेळेवर सुरू करता येईल.