बडोद्यात इतिहास आणि माहितीपट एकत्र करताना

पदव्युत्तर प्रकल्पासाठी ‘सयाजीराव महाराज’ असा विषय घेऊ नका. 1875 ते 1939 ची कारकीर्द वीस मिनिटांत कोंबली की पाठ्यपुस्तकाचं वाचन होतं. 1906 मध्ये बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं, मुलं शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होऊ लागला. तो दंड भरणारे कोण होते? असा एकच प्रश्न धरला की दफ्तरखान्यात काय मागायचं ते कळतं आणि कॅमेरा कुठे लावायचा तेही. लक्ष्मी विलास पॅलेसच्या ड्रोन शॉटनं सुरुवात तर मुळीच नको. पॅलेस खासगी मालमत्ता आहे, परवानगीचा व्याप वेगळा, आणि तो शॉट सगळ्यांनीच पाहिलेला असतो.

आता खरा खड्डा. कागद वाचायची परवानगी, त्याचा फोटो काढायची परवानगी आणि तो फोटो पडद्यावर दाखवायची परवानगी या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली मिळाली की पुढच्या दोन मिळाल्याच असं नवखे धरून चालतात. कॉपीराइट कायद्यात खासगी अभ्यास-संशोधनाला सवलत आहे. तुमची फिल्म एखाद्या महोत्सवात किंवा यूट्यूबवर गेली की त्या सवलतीवर विसंबू नका. घरच्या आल्बमचंही तेच. आल्बम ज्याच्या कपाटात, हक्क त्याचाच असं नसतं. पैसे देऊन स्टुडिओकडून काढवून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणाऱ्याचा. हौशी मामांनी काढलेल्याचा मामांचा किंवा त्यांच्या वारसांचा. म्हणून कोण, कुणासाठी, कधी, हे आल्बम दाखवणाऱ्या काकूंना तिथेच विचारून लिहून घ्या.

परवानगीच्या पत्रात वस्तूचा नेमका क्रमांक, माध्यम (महोत्सव, टीव्ही, इंटरनेट), मुदत आणि श्रेयओळ हवी. ‘शैक्षणिक कामासाठी हरकत नाही’ एवढंच असलेलं पत्र पुढे कामाला येत नाही. प्रत्येक फोटोआधी फाइल आणि पान क्रमांकाची चिठ्ठी कॅमेऱ्यासमोर धरून एक फ्रेम घ्या. हे राहिलं तर संकलनाच्या टेबलावर सुंदर पण अनाथ कागदांचा ढीग उरतो, आणि कुठला कागद हवाय हेच सांगता येत नसेल तर अर्ज तरी कशासाठी करणार? अर्ज पहिल्या कच्च्या कटच्या आधीच टाका. उत्तर उशिरा येतं, पण येतं, घाबरू नका. नाही आलं तर पर्यायी शॉट तयार असू द्या.

जुन्या मराठी कागदांतली मोडी लिपीची अक्षरं लवकर येतात, धावतं वळण वाचायला वेळ लागतो. जुन्या कागदांवर सुहूर सन (मराठेशाहीतली एक कालगणना) असेल तर इसवी सन काढायला महिन्यानुसार 599 किंवा 600 मिळवावे लागतात, कारण ते वर्ष मृगात बदलतं. जाणकाराला दाखवल्याशिवाय पडद्यावर साल टाकू नका.

चित्रीकरणात सेकंदाला 25 फ्रेम, शटर 1/50 सेकंद. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे 24 फ्रेम आणि 1/48 वर ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकू शकतं. कागदावर दोन्ही बाजूंनी 45 अंशांत मऊ दिवे, फ्लॅश नाही.

दांडिया बाजारातल्या जुन्या घरात मुलाखत असेल तर पंखा आणि फ्रीज बंद करा, आणि स्वतःच्या गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे परत चालू करायचं विसरणार नाही. आवाजाची शिखरं उणे 12 डेसिबलच्या आसपास. शेवटी मिनिटभर रिकाम्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करा. उत्तरायणाच्या (संक्रांतीच्या पतंगांच्या सणाच्या) दोन दिवसांत मुलाखत ठेवूच नका, गच्चीगच्चीवर स्पीकर असतात. मुलाखत देणाऱ्या आजी बोलता बोलता गुजरातीत वळल्या तर अडवू नका.

सेकंदाला 100 मेगाबिट वेगानं तासाभराचं चित्रीकरण म्हणजे 45 जीबी. दोन ड्राइव्ह घ्या आणि एक दुसऱ्या घरी ठेवा.

मार्गदर्शक दोन हवेत, एक इतिहासाचा, एक फिल्मचा. फक्त संहिता वाचणारा आणि कट न पाहणारा इतिहासकार मात्र शोभेचाच. त्यापेक्षा टोचून बोलणारा संकलक परवडला. दोघांची मतं फाटतीलच. तेव्हा तिघांनी एकत्र बसून कट पाहायचा, आणि प्रत्येक दाव्याखालचा कागद इतिहासवाल्यानं जागच्या जागी मागायचा.