सबवूफर आणि समोरचे स्पीकर एका सुरात आणताना

सबवूफर (फक्त खालचे सूर वाजवणारा स्पीकर) एकटा दणदणीत वाजायचा, समोरचे स्पीकरही एकटे स्वच्छ. दोन्ही एकत्र लावले की मात्र डग्गा पोकळ आणि पुरुषी आवाज पातळ. सबवूफरचा आवाज वाढवून पाहिला, तर नुसता खालचा घुमारा वाढला.

आवाजातला खड्डा होता ८० हर्ट्झच्या आसपास, जिथे दोघेही एकच सूर वाजवतात. त्याची तरंगलांबी सुमारे ४.३ मीटर. एकाची लाट अर्ध्या लांबीने मागे पडली की दोन्ही एकमेकांना खातात.

आधी रिसीव्हरमध्ये (स्पीकरांना आवाज वाटून देणाऱ्या ॲम्प्लिफायरमध्ये) सगळे स्पीकर 'स्मॉल' केले, म्हणजे खालचे सूर सबवूफरकडे जातात, आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ही वाटणी जिथे होते ती सीमा, ८०वर ठेवला. सबवूफरच्या पाठीवरचं क्रॉसओव्हरचं बटण पूर्ण वर नेलं, नाहीतर एकावर एक दोन फिल्टर बसतात आणि जुळणी आणखी बिघडते.

खरा फरक पुढे पडला. ८० हर्ट्झचा सलग सूर लावून नेहमीच्या जागी बसलो, मोबाइलवर डेसिबल मोजणारं ॲप उघडलं. सबवूफरवरचा फेजचा खटका (लाट उलटी करणारा) ०वरून १८०वर नेताच आकडा चढला. मग रिसीव्हरमधलं सबवूफरचं 'डिस्टन्स' (ज्यावरून रिसीव्हर आवाजाची वेळ जुळवतो) थोडं थोडं बदलत ॲपवर सर्वात मोठा आकडा शोधला. तेव्हाचं 'डिस्टन्स' टेपने मोजलेल्या अंतरापेक्षा बरंच जास्त निघालं, कारण सबवूफरमधलं सर्किट स्वतःच उशीर करतं. म्हणून इथे टेपवर अजिबात विसंबू नका. सबवूफरच्या आवाजाची पातळी सर्वात शेवटी लावली.

तुमचे स्पीकर लहान असतील तर क्रॉसओव्हर १००वर ठेवा. १२०च्या वर मात्र सबवूफर कुठल्या कोपऱ्यात आहे हे कानाला कळू लागतं.