सॉर्टेक्स येण्याआधी माणसांशी बोला : कामाच्या ठिकाणी बदल कसा आणावा

जळगावच्या एमआयडीसीत मी बरीच वर्षं डाळ मिलमध्ये सुपरवायझर होतो. एका मिलमध्ये रात्रीतून ट्रेलरवर सॉर्टेक्स, म्हणजे डागी दाणे आपोआप वेगळे काढणारं मशीन आलं. सकाळी हाताने डाळ निवडणाऱ्या बायका डबे घेऊन आल्या, ताडपत्रीखालचं ते धूड बघितलं, कुणी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी 22 पैकी 9 जणीच आल्या. मशीन आठवडाभर आधी ठरलंय हे मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो होतो. ते अजून टोचतं.

पुढे दुसऱ्या मिलमध्ये तेच मशीन आणताना जे केलं ते क्रमाने सांगतो. जिनिंग असो, पाइपचा कारखाना असो की दुकानातलं बिलिंग, क्रम हाच.

वेळ निवडा

तुरीची आवक सुरू झाली की मिलला दम घ्यायला फुरसत नसते, तेव्हा नवीन काही काढू नका. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बायका माहेरी जातात, श्रावणात कानबाईच्या सणाचे रोट असतात. माणसं गावाला गेलेली असताना ठरवलेलं त्यांना आपलं वाटत नाही. मे महिन्यात पारा 44-45 वर असताना पत्र्याखाली शिकवणंही नको. आम्ही पहिल्या पावसानंतरचे दिवस धरले.

रोजीचा प्रश्न पहिल्याच बैठकीत

बैठक ऑफिसात घेऊ नका, तिथे कुणी तोंड उघडत नाही. आम्ही गोदामात बारदानावर बसलो. बोलले स्वतः मालक. मशीन किती वेगाने चालतं हे समोरच्याला नंतर ऐकायचं असतं, त्याच्या मनात एवढंच असतं, "मन्हं काय?", म्हणजे माझं काय? त्याचं उत्तर आकड्यात द्या. आमच्याकडे 18 जणी होत्या. 6 मशीनवर, 8 पॅकिंगला, रोज तेवढाच. उरलेल्या 4 जणींना यापुढे फक्त हंगामात काम, हेही मालकांनी तोंडावर सांगितलं. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. बैठक तिथेच थांबवून मालक त्या चौघींशी वेगळे बोलले. वाईट बातमी लपवली नाही म्हणूनच बाकीच्यांनी रोजाच्या शब्दावर भरवसा ठेवला, असं माझं मत आहे.

कायदाही बघा. कपातीची शक्यता असलेलं यंत्र आणताना किंवा पाळ्या बदलताना कामगारांना 21 दिवस आधी नोटीस देण्याची तरतूद 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती, 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. तुमच्या युनिटला काय लागू होतं ते सल्लागाराला विचारा. पण नोटीस फळ्यावर लावली म्हणजे सांगून झालं, असं धरू नका.

ठरवण्यात हात लागू द्या

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. 1948 मध्ये कोच आणि फ्रेंच यांचा अमेरिकेतल्या एका पायजमा कारखान्यातला अभ्यास प्रसिद्ध झाला. कामाची पद्धत बदलताना ज्या गटाला नुसतं सांगितलं, त्यातले 17 टक्के लोक पहिल्या 40 दिवसांत काम सोडून गेले. ज्यांना ठरवण्यात घेतलं, त्यांच्यातलं त्या काळात कुणीही गेलं नाही. मी हे वाचलं तेव्हा मला त्या न आलेल्या 13 जणी आठवल्या.

सॉर्टेक्समध्ये डाळ पन्हाळीतून घसरते, कॅमेरा रंग बघतो आणि डागी दाणा हवेच्या झोताने बाजूच्या रिजेक्शनच्या टबात उडतो. सेटिंग कडक ठेवलं तर चांगली डाळही त्याच्यासोबत उडते. कंपनीचा मेकॅनिक सेटिंग करून चहाला गेला. आमच्या एका मावशींनी रिजेक्शनच्या टबात हात घातला, मूठभर डाळ तळहातावर पसरली आणि अंगठ्याने दाणे सरकवत म्हणाल्या, "भाऊ, यातली निम्मी तर चांगली आहे." खरंच होती. मेकॅनिक आल्यावर त्याला मावशींच्या शेजारी बसवलं. त्या मूठ बघायच्या, तो सेटिंग बदलायचा. दुपारपर्यंत टबात डागी दाणे, खडे आणि चुनी एवढंच उरलं. दुसऱ्या दिवसापासून सेटिंगचं बटण मावशींच्याच हाती दिलं.

मुकादमाला विसरू नका

बदलात त्याचा मान जातो. आमचे जिभाऊ 20 वर्षं निवडणीवर देखरेख करत होते. त्यांना मशीनची माहिती सगळ्यांच्या दोन दिवस आधी दिली, म्हणजे कुणी विचारलं तर उत्तर त्यांच्याकडे असेल.

पहिला महिना चूक माफ

महिनाभर चुकीसाठी रोज कापायचा नाही, हे लिहून लावा आणि पाळा. एकदा पोतंभर चांगली डाळ रिजेक्शनमध्ये गेली. जिच्या हातून गेलं तिने स्वतः येऊन सांगितलं, म्हणून ते पोतं पुन्हा मशीनवर घेता आलं. त्या दिवशी तिच्यावर आवाज चढला असता तर पुढचं पोतं कुणाला कळलं नसतं.

दर शनिवारी हप्ता वाटल्यावर 15 मिनिटं बसा, काय अडतंय ते विचारा. निदान एक मागणी पुढच्या शनिवारच्या आत पुरी करा, लहान असली तरी चालेल. आमच्याकडची पहिली मागणी होती टबाजवळ एक स्टूल आणि वर एक ट्यूबलाइट. सोमवारी सकाळी दोन्ही लागलेलं होतं.